लहान युद्धांचा विमा

केम प्लूटो हे रसायनवाहू जहाज 25 डिसेंबर 2023 ला मुंबईत आलं ते तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’च्या सोबतीनं. सौदी अरेबियातून माल घेऊन ते न्यू मंगलोरला निघालं होतं. दोन दिवस आधी, पोरबंदरपासून सुमारे 200 सागरी मैलांवर, त्याच्या मागच्या अंगावर ड्रोन आदळलं आणि आग लागली. खलाशांनी ती विझवली. जहाजावर जवळजवळ सगळे भारतीय होते, जीवितहानी झाली नाही. मुंबईत नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी जहाज तपासलं. अमेरिकेनं इराणकडे बोट दाखवलं, इराणनं कानावर हात ठेवले आणि आठवडाभरात बातमी मागे पडली.

बातमी मागे पडली की विम्याचं काम सुरू होतं. ड्रोन कुणी सोडलं याची विमेवाल्यालाही उत्सुकता असते, पण तो आधी वेगळाच प्रश्न विचारतो: हे नुकसान कुणाच्या खात्यावर जाणार? कारण एका जहाजावर एकच विमा नसतो. सांगाडा आणि यंत्रसामग्री यांचा एक, त्याला धंद्यात नुसतं ‘हल’ म्हणतात. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी, खलाशांच्या दुखापती, तेलगळती यांच्यासाठी दुसरा. तो जहाजमालकांनीच मिळून चालवलेल्या ‘पी अँड आय’ क्लबांकडे असतो. पोटातल्या मालाचा विमा मालवाल्यानं वेगळा उतरवलेला असतो. वादळ, खडक, टक्कर, आग हे सगळं यांत कुठे ना कुठे बसतं. युद्ध मात्र बसत नाही. युद्ध, जप्ती, सुरुंग, पाणतीर हे नेहमीच्या पॉलिसीतून ठळक अक्षरांत बाहेर काढलेलं असतं आणि वेगळे पैसे मोजून वेगळ्या पॉलिसीत परत विकत घ्यावं लागतं. तेच हे वॉर रिस्क कव्हर, म्हणजे या पुस्तकाचा विषय.

विषय रुक्ष वाटेल. मुंबईत फोर्टात आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये मरीन डिपार्टमेंटची माणसं तो रोज बोलतात, पण मराठीत त्यावर वाचायला फारसं काही नाही. ज्यांच्या घरातला मुलगा जहाजावर आहे, ज्यांचा कंटेनर न्हावाशेव्याहून निघतो, त्यांच्यापर्यंत या पॉलिसीतली कलमं पोचतात ती फक्त वाढीव बिलाच्या रूपात. कलमं वाचली तर एक गोष्ट लक्षात येते आणि माझ्या मते तीच या विषयाची किल्ली आहे. युद्धाचा विमा लहान युद्धांसाठीच असतो. युद्ध मोठं झालं की तो स्वतःहून बाजूला होतो आणि त्याची जागा सरकारला घ्यावी लागते. हे वारंवार घडलेलं आहे आणि आजच्या पॉलिसीत ते लिहूनही ठेवलेलं आहे.

आधी जुनं थोडं. समुद्राची भीती पैशात मोजण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर महिन्याचं व्याज दिलं आहे: साधारण देण्याघेण्यात सव्वा पण, व्यापारात पाच, अरण्यातून जाणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. महिन्याला वीस टक्के हे नुसतं पैशाचं भाडं असू शकत नाही. त्यात गलबत परत न येण्याची भीती मिसळलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर पुढे जोखमी हुंडी चालायची. हुंडीत गलबताचं नाव असे आणि माल सुखरूप पोचला तरच पैसे मिळत. बुडाला तर हुंडी धरणारा बुडाला. कर्ज, रकमेची पाठवणी आणि विमा, तिन्ही कामं एकाच कागदावर होत. हुंडी घेणारा सावकारच विमेवाला, आणि त्याला त्या विशिष्ट गलबताची, नाखव्याची, हंगामाची खडान्‌खडा माहिती असे.

त्याच किनाऱ्यावर संरक्षणाचा आणखी एक प्रकार होता. कान्होजी आंग्रे पैसे घेऊन दस्तक, म्हणजे परवाना, देत. दस्तक घेतलेल्या गलबताला त्यांचं आरमार हात लावत नसे. न घेतलेलं सापडलं तर धरून नेत. इंग्रजांना हे कधीच मान्य नव्हतं. दस्तकात पैसे जातात ते हल्ला करू शकणाऱ्यालाच, विम्यात ते तिसऱ्याच माणसाला जातात. या तिसऱ्या माणसाजवळ आरमार नसतं. त्याच्याजवळ असतं गणित, आणि एकाच वेळी सगळी जहाजं बुडणार नाहीत हा भरवसा. युद्धात नेमका हाच भरवसा उडतो.

लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानाचा पहिला उल्लेख 1688 सालचा. तिथे जहाजांच्या बातम्या मिळत म्हणून विमा लिहिणारे जमत. कॉफीच्या दुकानातून जगाचा विमाबाजार कसा उभा राहिला ही कथा सगळीकडे सांगितली जाते आणि सांगणारे बहुधा 1693 साल गाळतात. त्या वर्षी जूनमध्ये इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची सुमारे चारशे जहाजं एका ताफ्यात स्मर्नाकडे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरकडे, निघाली होती. पोर्तुगालच्या लागोसजवळ फ्रेंच आरमारानं त्यांना गाठलं आणि नव्वदच्या आसपास जहाजं धरली किंवा जाळली. लंडनचे विमेवाले झोपले. त्यांनी संसदेकडे धाव घेतली: आम्हांला धनकोंशी तडजोड करू द्या, सगळे पैसे एकदम देणं शक्य नाही. कॉमन्सनं ऐकलं, लॉर्ड्सनं ऐकलं नाही. डॅनियल डिफो, ज्यानं पुढे रॉबिन्सन क्रूसो लिहिलं, तो तर वर्षभर आधीच दिवाळखोर झाला होता. फ्रान्सशी चाललेल्या लढाईत जहाजांचे विमे घेणं हे त्याचं एक कारण. बुडालेल्या जहाजातून एकटाच वाचलेल्या माणसाची गोष्ट लिहिणारा हा गृहस्थ बुडालेल्या जहाजांचे पैसे देता देता बुडाला होता.

गंमत म्हणजे त्या काळी युद्ध पॉलिसीच्या आतच होतं. लॉइड्सनं 1779 मध्ये ठरवलेल्या छापील नमुन्यात वादळाच्या बरोबरीनं शत्रू, लढाऊ गलबतं, चाचे, राजेलोकांनी केलेली अटक ही सगळी संकटं एका दमात मोजलेली होती. हा नमुना 1906 च्या इंग्रजी सागरी विमा कायद्याच्या परिशिष्टात गेला, तिथून आपल्या 1963 च्या कायद्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉइड्सवाल्यांनी ठरवलं की वेगळं सांगितलं नसेल तर ‘जप्ती व पकडापकडीपासून मुक्त’ हे कलम प्रत्येक पॉलिसीला चिकटवायचं. म्हणजे वर जुन्या भारदस्त भाषेत शत्रूंपासून संरक्षणाचं वचन आणि खाली चिकटवलेल्या पट्टीत ते वचन मागे. ही गुंतागुंत 1982 पर्यंत चालली, मग नवे सुटसुटीत क्लॉज आले. न्यायालयांनी जुन्या नमुन्यावर पिढ्यान्‌पिढ्या टीका केली होती, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ एकदा निकालांनी पक्का झाल्यावर तो सोडायला कोण तयार होणार?

समुद्र आणि युद्ध अशी वाटणी झाली आणि मधल्या रेषेवर भांडणं सुरू झाली. ती समजायला इकारियाचं प्रकरण पुरेसं आहे. 30 जानेवारी 1915 ला, फ्रान्सच्या ल हाव्र बंदरापासून 25 मैलांवर, एका जर्मन पाणबुडीनं या इंग्रज जहाजाला पाणतीर मारला. पुढच्या भागाला मोठं भगदाड पडलं, पण जहाज तरंगत राहिलं. त्याला ओढत बंदरात आणून धक्क्याला बांधलं. तिथेच राहिलं असतं तर वाचलं असतं, असं पुढे खटल्यात धरलं गेलं. पण वारा सुटला, जहाज धक्क्यावर आपटू लागलं, आणि बंदराच्या अधिकाऱ्यांना धास्ती पडली की हे इथेच बुडालं तर धक्का अडेल. युद्धाच्या धामधुमीत तो धक्का त्यांना हवा होता. त्यांनी जहाज बाहेरच्या अंगाला, लाटारोधक भिंतीजवळ हलवायला लावलं. तिथे ओहोटीला जहाजाचा तळ जमिनीला टेकायचा आणि भरतीला ते पुन्हा तरंगायचं. पुढचा भाग पाण्यानं भरलेला, मागचा हलका. प्रत्येक ओहोटीला कण्यावर ताण. 2 फेब्रुवारीला सांगाड्यानं दम सोडला आणि जहाज बुडालं.

आता सांगा, ते कशानं बुडालं? शेवटचं कारण पाहिलं तर भरती-ओहोटी आणि वारा, म्हणजे निव्वळ समुद्र. मालकाकडे समुद्राचा विमा होता आणि त्यातून शत्रुत्वाच्या कृत्यांचे परिणाम वगळलेले होते. मालक म्हणाला, पाणतीर खाऊनही जहाज बंदरात पोचलं होतं. घात केला तो वाऱ्यानं आणि बंदरवाल्यांनी. 1918 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला तो मालकाच्या विरुद्ध. काळानं सर्वांत जवळचं कारण ते खरं कारण नव्हे. परिणाम घडवण्यात सर्वांत जोरकस ते खरं. पाणतीर लागल्यापासून जहाज त्या संकटातून बाहेर पडलंच नव्हतं, पुढचं सगळं त्याच्याच पोटातलं. विमा कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला वाचावा लागतो. मला त्यात कायद्यापेक्षा तो धक्का जास्त दिसतो. जहाजाचा जीव आणि बंदराची सोय यांत अधिकाऱ्यांनी निवड केली, आणि ती युद्धातली निवड होती. निकालपत्रात या माणसांवर दोषाचा शब्द नाही आणि तेच बरोबर आहे.

ही रेषा आजही तितकीच निसरडी आहे. 2007 मध्ये बी अटलांटिक हे जहाज व्हेनेझुएलातून कोळसा घेऊन निघत असताना पाणबुड्यांना त्याच्या तळाला, पाण्याखाली, 132 किलो कोकेन बांधलेलं सापडलं. कुण्या तस्करांचं काम. मालकाचा संबंध नाही. जहाज अडकवून ठेवलं गेलं. वॉर पॉलिसीत असं अडकणं सहा महिने चाललं की जहाज गेलं असं धरतात. मालकानं पैसे मागितले. पण त्याच पॉलिसीत सीमाशुल्काचे नियम मोडल्याबद्दल झालेली अटक वगळलेली होती. अकरा वर्षांनी, 2018 मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं मालकाला रिकाम्या हातानं परत पाठवलं. निरपराध असणं हे पॉलिसीतलं कलम नाही.

आता मोठ्या युद्धाकडे. ऑगस्ट 1914 मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा ब्रिटिश सरकारनं वॉर रिस्क बाजारावर सोडला नाही. जहाजांच्या बाबतीत मालकांच्या संघांनी 20 टक्के जोखीम ठेवायची आणि 80 टक्के सरकारनं घ्यायची, अशी योजना आधीच आखून ठेवलेली होती. मालासाठी सरकारी विमा कचेरी उघडली. अट एवढीच की जहाजानं आरमाराच्या सूचनेप्रमाणे मार्ग धरायचा. म्हणजे विमा हा आरमाराचा लगाम झाला. हे किती वेळेवर झालं ते त्याच सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात कळलं. कार्ल फॉन म्युलरच्या एम्डेन या एकट्या जर्मन क्रूझरनं तिथे एकामागून एक व्यापारी जहाजं बुडवली आणि 22 सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. जहाजं बंदरातच थांबली. एक क्रूझर सगळ्या समुद्रावर एका वेळी असू शकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ती आज कुठे आहे हे ठाऊक नसल्यानं प्रत्येक ठिकाणी ती असल्यासारखाच दर लागायचा. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या युद्धनौकेनं तिला गाठलं तेव्हा कुठे प्रकरण संपलं.

दुसऱ्या महायुद्धाआधी बाजारानं आणखी एक पाऊल मागे घेतलं. स्पेनच्या यादवीत शहरांवर विमानांतून बॉम्ब पडू लागले. समुद्रावर जहाजं विखुरलेली असतात, गोदामात माल एकाच जागी साठलेला असतो. एका रात्रीत किती जाईल याचा हिशेब कुणालाच मांडता येईना. 1937 मध्ये लंडनच्या विमेवाल्यांनी आपसांत ठरवलं की मालाचा युद्धविमा पाण्यावर असेपर्यंतच. तो ठराव अजून पाळला जातो. जहाज मुक्कामाच्या बंदराला लागलं की माल उतरेपर्यंत, आणि उतरला नाही तरी 15 दिवसांपर्यंत, छत्र राहतं, मग संपतं.

जमिनीवरच्या युद्धाला विमा नाही म्हणजे काय, ते मुंबईनं 14 एप्रिल 1944 ला पाहिलं. फोर्ट स्टिकिन हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरणं हा वेडेपणा होता आणि भरणाऱ्यांना तो कळत होता. युद्धकाळात जहाजं कमी, म्हणून चाललं. दुपारी कापसानं पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारचं जलपद्म हे जहाज उचललं जाऊन त्याचा मागचा भाग शेडवर गेला. सातशेहून अधिक माणसं मेली. त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते आणि त्यांच्यासाठी 14 एप्रिल अजून पाळला जातो. गोदी, गोदामं, मांडवीकडच्या वखारी जळाल्या. पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सोनं सापडत राहिलं.

नुकसान कशाचं धरायचं? आगीचं म्हणावं तर घरंदारं आणि वखारी पडल्या त्या स्फोटानं, आणि आगीच्या पॉलिसीत स्फोट बसत नव्हता. युद्धाचं म्हणावं तर शत्रूचं विमान आलेलं नव्हतं, पाणबुडी आलेली नव्हती. आपल्याच गोदीत आपल्याच दोस्तांचा दारूगोळा होता. व्यापाऱ्यांच्या हातात पावत्या होत्या आणि कुठल्याच खान्यात हे संकट धड बसत नव्हतं. शेवटी सरकारनं त्याच वर्षी खास वटहुकूम काढून भरपाईची सोय केली. युद्धाच्या विम्याची हद्द कुठे संपते हे दाखवायला मला याहून जवळचं उदाहरण सापडत नाही. पुस्तकात या दिवसाला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

लहान युद्धं मात्र बाजार पचवतो, आणि बऱ्यापैकी पचवतो. इराण-इराक युद्धात आखातात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, तरी तेलाची वाहतूक थांबली नाही. दर चढले आणि जहाजं जात राहिली. मे 1988 मध्ये जगातलं सर्वांत मोठं जहाज, सीवाइज जायंट, लराक बेटाजवळ इराकी विमानांच्या तावडीत सापडलं. विम्याच्या हिशेबी ते संपलं. मग कुणीतरी तो सांगाडा विकत घेतला, दुरुस्त केला, नाव बदललं आणि ते पुढे बरीच वर्षं वापरात राहिलं. अखेर गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ते तोडलं गेलं. ‘संपूर्ण नुकसान’ हा हिशेबाचा शब्द आहे हे ज्याला पटत नसेल त्यानं हे जहाज आठवावं.

आजची पद्धत अशी. जहाजाचा वार्षिक वॉर रिस्क विमा असतो आणि तो स्वस्त असतो, कारण त्यात धोक्याचे भाग धरलेले नसतात. कुठले भाग धोक्याचे, हे लंडनची जॉइंट वॉर कमिटी जाहीर करते. लॉइड्स आणि लंडनच्या इतर विमा कंपन्या यांचे प्रतिनिधी त्यात असतात. यादीतल्या भागात शिरायचं तर मालकानं आधी कळवायचं आणि ‘एपी’, म्हणजे ॲडिशनल प्रीमियम, भरायचा. हा बहुधा सात दिवसांसाठी असतो. समजा जहाजाची किंमत 5 कोटी डॉलर. 2023 च्या नोव्हेंबरपूर्वी तांबड्या समुद्राचा दर 0.05 टक्क्यांच्या आसपास होता: 25 हजार डॉलर. 19 नोव्हेंबरला येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलक्सी लीडर हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून पळवलं. डिसेंबरात कमिटीनं धोक्याची हद्द उत्तरेला 18 अक्षांशापर्यंत सरकवली. 2024 च्या सुरुवातीला दर 0.7 ते 1 टक्क्यावर गेला: 5 लाख डॉलरपर्यंत, एका फेरीला.

आणि हा आकडाही टिकाऊ नसतो. ब्रोकर सकाळी दर मागतो तेव्हा त्याला जहाजाचं नाव, झेंडा, मालक, माल, मागची बंदरं आणि धोक्याच्या भागात शिरण्याची वेळ द्यावी लागते. मिळालेला दर एक-दोन दिवसच चालतो. तेवढ्यात जहाज शिरलं नाही तर पुन्हा विचारा. त्या काळात कुठल्या जहाजाचा कुठल्या देशाशी संबंध आहे यावर दर बदलत होता. चिनी मालकाला एक, ब्रिटिश मालकाला दुसरा. वार्षिक पॉलिसीसुद्धा सात दिवसांच्या नोटिशीवर रद्द करता येते, आणि अलीकडे बऱ्याच करारांत ही मुदत 72 तासांवर किंवा त्याहूनही खाली आणलेली आहे. वर्षाचा विमा घेतलेल्या मालकाच्या हातात खरं तर पुढच्या तीन दिवसांचाच भरवसा असतो.

धोक्याची अशी हद्द म्हणजे नुसता नकाशा नाही, तिचे परिणाम किनाऱ्यावर उमटतात. सोमाली चाचेगिरीच्या काळात जहाजधंद्यातल्या संघटनांनी ‘उच्च धोक्याचा प्रदेश’ 2010 मध्ये पूर्वेला 78 रेखांशापर्यंत ताणला. म्हणजे जवळजवळ सगळा कोकण-मलबार किनारा त्यात आला, जिथे चाचे क्वचितच पोचत होते. विम्याचा खर्च वाढला. जहाजं बंदूकधारी पहारेकरी घेऊन आणि धोका टाळायला आपल्या किनाऱ्याला चिकटून जाऊ लागली, नेमकी तिथे जिथे मासेमारीच्या होड्या असतात. फेब्रुवारी 2012 मध्ये एन्रिका लेक्सीवरच्या इटालियन नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमार चाचे समजून गोळ्या घालून मारले. त्या मृत्यूला एक रेखांश जबाबदार होता असं म्हणणं अति होईल. पण ते जहाज तिथून, हत्यारबंद माणसं घेऊन का चाललं होतं, याच्या उत्तरात तो रेखांश येतोच. भारतानं वर्षानुवर्षं तगादा लावल्यावर डिसेंबर 2015 मध्ये हद्द 65 रेखांशावर मागे गेली.

जिथे पैसा तिथे लबाडी हे ओघानं आलं. जुलै 2011 मध्ये एडनजवळ ब्रिलांते विर्तुओझो या तेलवाहू जहाजावर हत्यारबंद माणसं चढली, इंजिनरूममध्ये आग लागली, जहाज निकामी झालं. चाचेगिरी म्हणजे वॉर पॉलिसी. पाहणीसाठी गेलेला एडनचा ब्रिटिश सर्व्हेयर काही दिवसांतच गाडीतल्या बॉम्बनं मारला गेला. प्रकरण आठ वर्षं चाललं आणि 2019 मध्ये लंडनच्या न्यायालयानं ठरवलं की सगळा बनाव खुद्द मालकाच्या सांगण्यावरून झाला होता. खोट्या क्लेमच्या गोष्टी या धंद्यात पुष्कळ आहेत, बहुतेक चवीनं सांगितल्या जातात. ही तशी सांगता येत नाही.

युक्रेनच्या युद्धात आणखी एक कलम अंधारातून पुढे आलं. फेब्रुवारी 2022 मध्ये बरीच जहाजं युक्रेनच्या बंदरांत अडकली. त्यांना गोळा लागला नव्हता, जप्तीही नव्हती. फक्त बाहेर पडायला वाट नव्हती. ‘ब्लॉकिंग अँड ट्रॅपिंग’ या कलमाखाली ठरावीक महिने, बहुधा बारा, असं अडकलेलं जहाज गेलं असं धरतात. म्हणजे न मोडलेल्या जहाजाची पूर्ण किंमत. पुनर्विमा कंपन्यांनी हे पाहून 1 जानेवारी 2023 पासून त्या भागाची जोखीम सोडायला सुरुवात केली. पुढे धान्य बाहेर काढायला नोव्हेंबर 2023 मध्ये युक्रेन सरकारच्या पैशाच्या आधारावर लंडनच्या बाजारानं ‘युनिटी’ योजना आणली. बाजार मागे, सरकार पुढे, हाच क्रम.

हा सगळा खर्च सरकत सरकत कुठे येतो ते नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी 2024 च्या हंगामात अनुभवलं. रॉटरडॅमला जाणारी जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, कंटेनरचं भाडं वाढलं. अनेकांचा समज होता की युद्धामुळे माल खराब झाला तर युद्धाचा विमा पैसे देईल. तसं होत नाही. आपल्या 1963 च्या कायद्याच्या 55 व्या कलमात स्पष्ट आहे: उशिरामुळे झालेलं नुकसान विमेवाला देत नाही, मग तो उशीर विमा असलेल्या संकटामुळे झालेला का असेना. क्षेपणास्त्र कंटेनरवर पडलं तर भरपाई. क्षेपणास्त्राच्या भीतीनं जहाज लांबून गेलं आणि द्राक्षं सुकली तर नाही. निर्यातदारांच्या संघांनी आपल्या सभासदांना हे एक कलम मराठीत छापून दिलं तरी पुष्कळ होईल.

खलाशांचा हिशेब आणखी वेगळा. युद्धसदृश ठरवलेल्या भागात मूळ पगाराइतका बोनस, मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई, आणि जायला नकार देण्याचा हक्क, असे आंतरराष्ट्रीय करार आहेत. ते लागू असलेल्या जहाजांवर ते मिळतं. प्रत्येक जहाज त्या कराराखाली नसतं. मार्लिन लुआंडा हे जहाज जानेवारी 2024 मध्ये एडनच्या आखातात पेटलं तेव्हा त्यावर 22 भारतीय होते आणि आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणम धावली. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर तीन खलाशी मेले. नकाराचा हक्क कागदावर असतो. पहिलं कंत्राट मिळवायला एजंटाकडे खेटे घातलेला रत्नागिरीचा मुलगा तो किती वापरेल, हे रत्नागिरीला विचारावं.

शेवटी ते कलम, ज्यामुळे मी या प्रस्तावनेला असं शीर्षक दिलं. जहाजांच्या वॉर पॉलिसीत लिहिलेलं असतं की ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन यांच्यापैकी कुठल्याही दोघांत युद्ध पेटलं, मग ते घोषित असो वा नसो, तर हा विमा आपोआप संपतो. नोटीस नाही, 72 तास नाहीत. जहाज भर समुद्रात असलं तरी त्या घटकेपासून त्याला छत्र नाही. विमा कंपन्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्मर्नाच्या ताफ्यानंतर जे झालं ते त्या विसरलेल्या नाहीत, आणि देऊ न शकणारं वचन आधीच न दिलेलं बरं. पण मग त्या घटकेनंतर जहाजं कुणाच्या भरवशावर चालतील, हा प्रश्न प्रत्येक देशाला स्वतःपुरता सोडवावा लागतो. ज्यांच्याकडे स्वतःची जहाजं भरपूर आहेत त्यांना तो सोपा जातो. वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीचं लॉयल्टी हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं, त्या दिवसाची आठवण आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून ठेवतो. पण आजही आपला बहुतेक परदेशी व्यापार परक्या झेंड्यांच्या जहाजांवरून होतो आणि त्यांच्या विम्याचे दर लंडनमध्ये ठरतात. शेवटची दोन प्रकरणं याविषयी आहेत.

कलमांचे मराठी मसुदे परिशिष्टात दिले आहेत. तांत्रिक शब्द जसे मुंबईच्या कचेऱ्यांत बोलले जातात तसेच ठेवले: हल, क्लेम, एपी, क्लब. त्यांना संस्कृत पोशाख चढवला असता तर धंद्यातल्या माणसाला ते ओळखू आले नसते आणि बाहेरच्याला कळले नसते. इतिहासात रस नसेल त्यानं थेट क्लेमच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. इकारियाचा निकाल मात्र गाळू नये, आणि ल हाव्रचा तो धक्का नकाशावर पाहून मगच वाचावा.